सव्वीस दिवसांची मुदत

काम अंगावर येऊन पडावे आणि मुदत तर हातातून निसटत चाललेली असावी, अशा वेळी मनुष्याची जी त्रेधा उडते ती कोणत्याच घराला अपरिचित नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री दिवा जाळणारा विद्यार्थी, वर्षअखेरीचे हिशेब जुळविणारा कारकून, दिवाळी अंकाच्या संपादकाचे तगादे सोसणारा लेखक, या सर्वांचा अनुभव एकाच जातीचा. यांपैकी पुष्कळांची अशी समजूत असते की, डोक्यावर ताण असल्याखेरीज आपल्या हातून चांगले काम होतच नाही. ही समजूत कितपत खरी आहे, हे पाहण्यास रशियन कादंबरीकार दोस्तोयेव्हस्की याच्या चरित्रातील एक प्रसंग मोठा उद्बोधक आहे.

१८६४ या एकाच वर्षात दोस्तोयेव्हस्कीची पत्नी आणि वडील बंधू दोघेही निवर्तले. भावाचे कर्ज आणि भावाचे कुटुंब यांचा भार त्याच्यावर आला. दोघा भावांनी चालविलेले मासिकही पुढे बंद पडले. सावकार दाराशी बसले, तेव्हा १८६५ साली त्याने स्टेलोव्हस्की नावाच्या एका प्रकाशकाशी करार करून ३००० रूबल घेतले. करारातील एक अट विलक्षण होती. १ नोव्हेंबर १८६६ पर्यंत एक नवी कादंबरी लिहून द्यावयाची; ती न दिल्यास पुढील नऊ वर्षे दोस्तोयेव्हस्की जे जे लिहील ते ते काहीही मोबदला न देता छापण्याचा हक्क प्रकाशकास मिळावयाचा. केवळ लेखणीवर पोट असलेल्या माणसाने नऊ वर्षांची लेखणीच गहाण टाकली होती.

१८६६ चे वर्ष उजाडले आणि ‘अपराध आणि शिक्षा’ ही त्याची थोर कादंबरी मासिकातून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. तिच्या प्रकरणांतच सारा वेळ गेला. ऑक्टोबर लागला तेव्हा करारातील कादंबरीची एक ओळही कागदावर उतरली नव्हती. स्नेह्यांनी एक तोड सुचविली. कथानक त्याने सांगावे, एकेक प्रकरण एकेकाने लिहावे आणि पुस्तक वेळेवर पुरे करावे. दोस्तोयेव्हस्कीने हे साफ नाकारले. दुसऱ्याच्या लिखाणाखाली आपले नाव घालण्यास तो तयार नव्हता. संकटात सापडलेला मनुष्य कोणती गोष्ट करावयास नकार देतो, यावरूनही त्याची पारख होते.

मग एका स्नेह्याने लघुलेखकाची मदत घेण्याचा सल्ला दिला. पीटर्सबर्गमध्ये या विद्येचे वर्ग नुकतेच निघाले होते. तेथील शिक्षकाने आपली एक हुशार विद्यार्थिनी पाठविली. अ‍ॅना स्निटकिना हे तिचे नाव. वय अवघे वीस. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तिच्या वडिलांचा मृत्यू झाला होता; तरीही तिने अभ्यास सोडला नव्हता. ४ ऑक्टोबर रोजी ती प्रथम कामावर आली. (या तारखा त्या काळच्या रशियन पंचांगाप्रमाणे, म्हणजे आजच्या गणनेच्या बारा दिवस मागे आहेत.) आरंभ काही शुभ झाला नाही. त्याने परीक्षा म्हणून इतक्या वेगाने मजकूर सांगितला की, तिला हळू सांगण्याची विनंती करावी लागली; आणि एक पूर्णविराम सुटला म्हणून तो चिडला. पण तिने धीर सोडला नाही.

थोड्याच दिवसांत कामाला एक घडी बसली. रात्री तो दुसऱ्या दिवशीच्या भागाची टिपणे करी. दुपारी बारा ते चार या वेळात मजकूर सांगे. सलग नव्हे, तर थांबून थांबून. मध्यंतरी चहा आणि गप्पा चालत. अ‍ॅना घरी जाऊन लघुलिपीतील मजकूर सुवाच्य अक्षरात उतरून काढी आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या हाती देई. तो कागद तपासून घेई आणि पुढच्या भागाला हात घाली. हातावेगळ्या पानांची मोजदाद रोज होई. आकडा वाढत चालला तसा त्याचा निराशेचा सूर मावळत गेला. ‘एक कादंबरी लिहावयाची आहे’ या विचाराने खचलेले मन ‘आजची इतकी पाने व्हावयाची आहेत’ या विचाराने उभे राहिले.

२९ ऑक्टोबरला शेवटचा मजकूर सांगून झाला. सव्वीस दिवसांत ‘जुगारी’ ही कादंबरी पुरी झाली! परंतु एक अडथळा उरला होता. प्रकाशक हस्तलिखित घेण्याचेच टाळील, ही शंका अगोदरच येऊन अ‍ॅनाच्या आईने एका वकिलाचा सल्ला घेतला होता. शंका खरी ठरली. १ नोव्हेंबरला स्टेलोव्हस्की परगावी गेलेला, आणि त्याचा कारभारी हस्तलिखित घेण्यास तयार नाही. तेव्हा दोस्तोयेव्हस्कीने त्या भागातील पोलीस कचेरी गाठली आणि रात्री दहाच्या सुमारास तेथे हस्तलिखित देऊन रीतसर पावती घेतली. मुदत संपण्यास दोन तास उरले होते. काम पुरे करणे आणि ते पुरे झाल्याचा पुरावा हाती असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे व्यवहारी माणसाने विसरता कामा नये.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ही कादंबरी ताणाने लिहविली काय? परदेशी जुगाराच्या नादी लागलेल्या एका रशियन तरुणाची कथा लिहिण्याचा बेत दोस्तोयेव्हस्कीने १८६३ सालीच एका पत्रात कळविला होता. जर्मनीतील जुगाराच्या अड्ड्यांवर तो स्वतः पोळून निघाला होता. म्हणजे सव्वीस दिवसांत जे कागदावर उतरले ते तीन वर्षे मनात मुरत होते. ताणाने फक्त झाकण उघडले. भांड्यात काही नसते तर झाकण उघडूनही काय मिळणार? वर्षभर पुस्तक न उघडता शेवटच्या रात्रीवर भिस्त ठेवणाऱ्या विद्यार्थ्याने एवढे ध्यानात घ्यावे. लघुलेखनाचेही तसेच. अ‍ॅनाने महिनोन् महिने केलेला सराव त्या चार आठवड्यांत फळास आला.

या कथेचा उत्तरार्धही मननीय आहे. १५ फेब्रुवारी १८६७ रोजी दोघांचा विवाह झाला. कर्जाने त्यांची पाठ लवकर सोडली नाही. काही वर्षे त्यांना परदेशी काढावी लागली. पण १८७३ साली या दांपत्याने एक निश्चय केला आणि कादंबरी स्वतःच छापून विकण्यास आरंभ केला. त्या व्यवहाराची सूत्रे मुख्यतः अ‍ॅनाच्या हाती होती. अशा रीतीने प्रकाशकाच्या दारी अडल्या हाताने उभे राहण्याचा प्रसंगच तिने हळूहळू दूर केला. मुदतीच्या तडाख्यातून निभावून जाणे ही मोठी गोष्ट खरीच. परंतु निभावल्याच्या आनंदात, तो प्रसंग कशामुळे ओढवला याचा विचार बहुतेकांकडून राहून जातो. अ‍ॅनाने तो विचार केला, आणि सव्वीस दिवसांच्या त्या पराक्रमापेक्षा तिची ही दूरदृष्टी सामान्य संसारी माणसाला अधिक अनुकरणीय वाटावी.