पिवळ्या कागदाची खोली
(वर्धापनदिनी दिलेले भाषण)



शार्लट पर्किन्स गिलमन या अमेरिकन लेखिकेची १८९२ साली प्रसिद्ध झालेली 'द यलो वॉलपेपर' ही भयकथा आहे. पण तीत भूत नाही. मला भय वाटले ते खोलीचे. बाळंतपणानंतर मन खचलेल्या नायिकेला तिचा डॉक्टर पती विश्रांतीसाठी एका जुन्या हवेलीत आणतो. माडीवरची खोली पूर्वी मुलांची असावी, असे तिला वाटते. खिडक्यांना गज, पलंग जमिनीला खिळलेला. म्हणजे जाणत्या बाईला आधी बाळ ठरवायचे आणि मग कैदी! लिहिण्याचीही तिला मनाई. तेव्हा ती भिंतीवरचा पिवळा कागदच वाचू लागते. नक्षीआड एक बाई गज हलवताना दिसते. ती बाई म्हणजे ती स्वतःच. अखेर कागद फाटतो, पण भान गमावून.

लेखिकेने १८८७ साली असाच उपचार भोगला होता. इतर स्त्रिया त्यातून वाचाव्यात म्हणून आपण ही कथा लिहिली, असे तिने १९१३ साली सांगितले.

कथेतला पती दुष्ट नाही, प्रेमळ आहे. हेच मला अधिक भयंकर वाटते. तेव्हा घरातली बाळंतीण अबोल झाली, तर तिला विसावा द्याच. पण तिचे म्हणणेही ऐकून घ्या, एवढीच माझी विनंती.