माल्पे बंदरापलीकडची स्तंभबेटे



के. आर. पुरमच्या रहदारीतून जाणारा महामार्ग येथील रहिवाशांना कामावर पोहोचविणारा व वाटेत तिष्ठत ठेवणारा रस्ता म्हणूनच परिचित आहे. तोच रस्ता पश्चिमेस हासन व सकलेशपूर मागे टाकून, शिराडी घाट उतरून मंगळूरच्या अलीकडे बंटवाळपर्यंत जातो, याचे भान थोड्यांनाच असते. पुढे किनाऱ्याने उत्तरेस वळले, की पनवेलपासून कन्याकुमारीपर्यंत गेलेला महामार्ग लागतो. मरवंते येथे तर एका अंगास समुद्र आणि दुसऱ्या अंगास सौपर्णिका नदी, असा तो दोन पाण्यांमधून चालतो. प्रवासी तेथे थांबतात ते योग्यच; परंतु त्याआधी उडुपीजवळच्या माल्पे बंदरातून सुमारे सहा किलोमीटरांवरील सेंट मेरी बेटे पाहिल्यावाचून पुढे जाऊ नये.

वास्को द गामा १४९८ साली येथे उतरला व त्याने मेरीच्या नावाने स्तंभ उभारला, अशी परंपरा आहे. त्याने उभारलेल्या स्तंभाची कथा खरी असो वा नसो, निसर्गाने उभारलेले स्तंभ मात्र आजही जागेवर आहेत. बेटांवर वस्ती नाही. किनाऱ्याशी पाच, सहा, सात बाजूंचे दगडी खांब एकमेकांस चिकटून उभे आहेत. पाथरवटाने ओळंबा लावून रचावेत तसे.

तप्त लाव्हारस निवताना आकुंचन पावतो, पृष्ठभागावर भेगा पडतात आणि थंडावा जसजसा आत उतरतो, तसतशा त्या भेगाही खोल जातात. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी अशाच क्रियेने घडली. म्हणून महाराष्ट्रातील पाहुणा या बेटांनाही सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचे तुकडे समजतो. तसे नाही. दख्खनचा बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. येथील खडक सिलिका अधिक असलेला, रायोलाइटच्या जातीचा, आणि साडेआठ ते नऊ कोटी वर्षांपूर्वीचा. मादागास्कर हिंदुस्थानपासून विलग होत असतानाच्या ज्वालामुखी उद्रेकाशी त्याचा संबंध जोडला जातो. आफ्रिकेच्या बाजूस गेलेल्या त्या भूमीची ताटातूट जेथे हाताने चाचपता येते, अशी स्थळे आपल्याकडे किती? भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने या बेटांना राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक ठरविले आहे. शिवछत्रपतींचे आरमार १६६५ साली बसरूरच्या स्वारीस गेले, तेव्हा हे खांब जसे होते तसेच आहेत, असे आज म्हणवते; उद्या म्हणवेल की नाही, हे पर्यटकांच्या हातोड्यावर व खिशावर अवलंबून आहे. आठवण म्हणून उचललेला एकेक तुकडा परत घडत नाही.

दगडाहून माणसाचा जीव अर्थातच मोलाचा. स्तंभांचे माथे सपाट दिसतात, त्यामुळे त्यांवर उभे राहण्याचा मोह होतो. पण लाटांनी भिजलेला, शेवाळलेला दगड पायाला धरत नाही, आणि खाली पाणी खोल व ओढीचे आहे. एप्रिल २०२२ मध्ये केरळहून सहलीस आलेले तीन विद्यार्थी येथेच समुद्रात बुडाले. तेव्हा वर्षाऋतू नव्हता, हे विशेष ध्यानात घ्यावे. पावसाळ्यात तर होड्या बंदच असतात. पाहणे ते खांबांच्या मागील कोरड्या बाजूने, रक्षकांची शिटी ऐकू येईल इतक्या अंतरावरून. बेटावर मुक्कामाची सोय नाही. परतीची शेवटची होडी केव्हा सुटते, ते माल्पे येथे चढण्यापूर्वीच विचारून घ्यावे.