लखनौची लँब्रेटा

लखनौ म्हटले की मराठी माणसाच्या मनात प्रथम येतात ते नबाब, बडा इमामबाडा, कथकचे घुंगरू आणि ठुमरी. थोड्या अधिक जाणत्या माणसाला पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचे स्मरण होते. घराण्याघराण्यांत बंदिस्त होऊन राहिलेल्या चिजा त्यांनी ठिकठिकाणी हिंडून मिळविल्या आणि स्वरलिपीत उतरवून सर्वांसाठी खुल्या केल्या. त्यांच्याच प्रयत्नांतून १९२६ साली लखनौला मॉरिस कॉलेज हे संगीतविद्यालय उभे राहिले. परंतु या शहराचे आणखी एका विद्येशी नाते आहे आणि ती विद्या गळ्यात नसून हातांत आहे. कानपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर सरोजिनी नगर नावाचा भाग आहे. तेथे एके काळी स्कूटरींचा मोठा कारखाना चालत असे. तो आता बंद झाला. पण त्याने घडविलेली वाहने अजून जिवंत आहेत. ती कोण जिवंत ठेवतो आणि कशी, हा प्रश्न केवळ हौसेचा नाही.

या कारखान्याचे मूळ इटलीत आहे. मिलान शहराच्या लांब्राते भागात फेर्दिनान्दो इनोचेंती या उद्योगपतीचा पोलादी नळ्यांचा कारखाना होता. महायुद्धात त्याची धूळधाण झाली. युद्धानंतर गरीब झालेल्या देशाला स्वस्त वाहन हवे होते. इनोचेंतीने १९४७ साली एक स्कूटर बाजारात आणली आणि जवळून वाहणाऱ्या लांब्रो नदीवरून तिचे नाव लँब्रेटा असे ठेवले. नळ्यांच्या कारखानदाराला साजेल अशीच तिची घडण होती. तिची प्रतिस्पर्धी व्हेस्पा म्हणजे दाबून घडविलेल्या पत्र्याचे कवच. लँब्रेटाला मात्र नळीचा सांगाडा असून पत्रे त्यावर वस्त्रांसारखे चढविलेले असतात. ही स्कूटर महाराष्ट्राला अपरिचित नव्हती. मुंबईच्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीने पन्नाशीच्या दशकातच ती भारतात आणली होती आणि तिचीच पुढची पिढी 'लॅम्बी' या नावाने ओळखली गेली.

१९७१ च्या सुमारास इटलीतील उत्पादन थांबले. १९७२ साली भारत सरकारने लखनौला स्कूटर्स इंडिया लिमिटेड ही कंपनी स्थापन केली आणि इनोचेंतीची यंत्रसामग्री, आराखडे व हक्क विकत घेतले. मिलानमधली अवजारे गोमतीच्या शहरात आली. १९७५ पासून तेथे उत्पादन सुरू झाले. देशात ही स्कूटर 'विजय सुपर' म्हणून विकली जाई, परदेशात जुन्याच लँब्रेटा नावाने. पुढे याच कारखान्याची 'विक्रम' ही तीनचाकी उत्तरेतील अनेक शहरांच्या रस्त्यांवर धावू लागली. दुचाकींचे उत्पादन १९९७ मध्ये बंद पडले आणि जानेवारी २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने कारखानाच मिटविण्यास मान्यता दिली.

यातील खरी गंमत वेगळीच आहे. साठीच्या दशकात इंग्लंडमधील तरुणांनी ज्या स्कूटरवर जीव टाकला, तिचे सुटे भाग तिच्या मायदेशी बनेनासे झाले, तेव्हा युरोपातील शौकिनांची नजर लखनौकडे वळली. भारतीय भागांना नावे ठेवणारे तेथे पुष्कळ होते. धातू हलका, घडाई ओबडधोबड, अशी त्यांची तक्रार असे. पण नावे ठेवता ठेवता ते हेच भाग मागवीत. पुष्कळशा इटालियन लँब्रेटा आज रस्त्यावर आहेत त्या लखनौच्या लोखंडाच्या आधाराने, हे त्यांपैकी प्रामाणिक शौकीन मान्य करतात.

आता लखनौच्याच एखाद्या मोहल्ल्यात, जिन्याखालच्या अंधारात, वडिलांच्या वेळची विजय सुपर पडून आहे अशी कल्पना करावी. चाके जमिनीला टेकलेली, टाकीत गंज, आणि गियरच्या तारा जागच्या जागी धरलेल्या. मुलाला ती पुन्हा चालू करावीशी वाटते. उत्साहाच्या भरात तो किक मारावयास जातो आणि पहिली चूक तेथेच होते. वर्षानुवर्षे पडून असलेल्या इंजिनात पिस्टन सिलिंडरला चिकटून बसलेला असतो. जाणता माणूस प्लग काढून त्या छिद्रातून थोडे तेल सोडतो आणि चार दिवस वाट पाहतो. मॅग्नेटोचे चक्र काढावयाचे तर त्याचे खास पुलर लागते. ते नसले की हातोडी चालते आणि हातोडी चालली की चक्र बाद होते. असे पुलर विकत घेण्यापेक्षा दुसऱ्या शौकिनाकडून दोन दिवसांसाठी मागून आणण्याची रीत आहे आणि पुष्कळ मैत्र्या याच पुलरपासून सुरू होतात.

मदतीचे खरे मोल मात्र अवजारात नसून निदानात असते. समजा, एवढे सगळे करून स्कूटर सुरू झाली. पाच मैल झकास चालली आणि एकाएकी इंजिन जाम झाले. नवखा माणूस पिस्टनला दोष देतो, सिलिंडर पुन्हा बोअर करून घेतो, मोठ्या मापाचा पिस्टन बसवितो. आणि आठवड्याने पुन्हा तेच घडते. तेव्हा कोणी अनुभवी सोबती विचारतो, "ऑइल सील बदलले का?" या टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्येच तेल मिसळलेले असते आणि तेच पिस्टनला वंगण पुरविते. क्रँकच्या टोकाशी असलेले रबरी सील वयाने कडक झाले की तेथून हवा आत शिरते, इंधनाचे मिश्रण पातळ होते, वंगण अपुरे पडते आणि पिस्टन तापून फुगतो. किरकोळ किमतीच्या सीलसाठी हजारोंचा खर्च फुकट गेलेला असतो. हे ज्ञान एखाद्या पुस्तकात सापडेलही. पण नेमक्या वेळी ते आठवून देणारा माणूसच लागतो.

म्हणून हा छंद एकट्याचा राहत नाही. रविवारी लखनौच्या नखास बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात भंगाराच्या ढिगातून एखादे झाकण उचलणारा माणूस ते स्वतःसाठीच उचलतो असे नाही. कोल्हापूरच्या वा नागपूरच्या कोणा अनोळखी सोबत्याला ते हवे आहे, हे त्याच्या ध्यानात असते. लेथवाला, रंगारी आणि निवृत्त फिटर हेही या मंडळीत आपोआप सामील होतात.

त्यांच्यात वादही आहेत. मूळ रंग, मूळ बोल्ट आणि मूळ दिवा यांचाच आग्रह धरणारे एका बाजूला. रोजच्या रस्त्यावर चालली पाहिजे, मग ब्रेक नव्या पद्धतीचा का असेना, असे म्हणणारे दुसऱ्या बाजूला. या वादाला आता कायद्याचेही अंग आले आहे. २०२१ साली केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून अधिक वयाचे आणि सांगाडा, कवच वा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेले वाहन 'व्हिंटेज' म्हणून नोंदविता येते; मात्र ते नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. लखनौच्या पहिल्या स्कूटरींनी २०२५ साली पन्नाशी गाठली. म्हणजे ज्या मुलाला वडिलांची स्कूटर जपावयाची आहे, त्याला ठरवावे लागेल की ती वारसा म्हणून जपावयाची की वाहन म्हणून. दोन्ही उत्तरे सन्मान्य आहेत. परंतु उत्तर देण्याआधी ती चालू व्हावयास हवी, आणि त्यासाठी जाणते हात हवेत.

हे हातच आज विरळ होत चालले आहेत. कारखाना मिटला म्हणून यंत्र मरत नाही, हे लँब्रेटाने मिलान सुटल्यावर एकदा सिद्ध केले. त्या वेळी मात्र लखनौ होते. आता मागे उरली आहेत ती ज्यांनी ही इंजिने जुळविली ती वयोवृद्ध माणसे, आणि त्यांच्यापाशी बसून शिकणारे थोडे शौकीन. साखळीचा ताण बोटाने कसा अजमावावा, कोणत्या वर्षीचा भाग कोणत्या नमुन्याला बसतो, यांतले पुष्कळसे अजून त्यांच्या स्मरणातच आहे. भातखंड्यांना चिजांविषयी जी भीती वाटली, तीच येथे लागू पडते: जाणता गेला की विद्या त्याच्याबरोबर जाते. त्यांनी त्यावर उपाय केला तो अगदी साधा होता. जवळ बसावे, ऐकावे आणि लिहून ठेवावे. स्कूटरच्या शौकिनांनाही याहून वेगळा उपाय नाही. उसने आणलेले पुलर परत करताना त्याबरोबर शिकलेली एखादी गोष्टही कोणाला तरी देऊन टाकली, तर जिन्याखालची ती स्कूटर आणखी एका पिढीला ऐकू येईल.