पांढरीच्या टेकाडात



विद्यार्थी मित्रांनो, बक्षीस वितरण बाकी आहे, म्हणून थेट विषयाकडे येतो.

इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली इटलीतलं पॉम्पेई शहर गाडलं गेलं. 1938 साली तिथं वीतभर उंचीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. घडण अस्सल भारतीय. मग ती तिकडं गेली कुठून? याचा धागा मराठवाड्यात निघाला. तेरला तशाच धाटणीची मूर्ती मिळाली. पुढं 1973 साली नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून भोकरदनला उत्खनन केलं. डॉ. शां. भा. देव आणि डॉ. आर. एस. गुप्ते यांच्या त्या कामात अशाच मूर्तीचा भाग हाती आला. ती मूर्ती आपल्या भागातूनच गेली असावी, असं अनेक अभ्यासक मानतात. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांतही भोगवर्धनचे, म्हणजे या भोकरदनचे, लोक होते!

विद्यापीठाचे विद्यार्थी अशा ठिकाणी उन्हात बसून खुरपीनं थर सोलतात, माती चाळतात, प्रत्येक खापर कुठल्या थरात आणि किती खोलीवर मिळालं ते लिहून ठेवतात. खरं मोल त्या नोंदीला आहे. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात मिळालेल्या वस्तू आयुष्यभर जपल्या, त्यातूनच तिथलं शासकीय संग्रहालय उभं राहिलं. त्यांचे उपकार मोठे आहेत. पण थर एकदा विस्कटला की वस्तू हातात राहते आणि तिचा काळ हातचा जातो.

आपल्याकडं जुनी वस्ती बहुधा नदीकाठच्या पांढरीत, म्हणजे पांढऱ्या मातीच्या टेकाडात, असते. तुमच्या तालुक्याला तर पैनगंगा लाभली आहे. अशा टेकाडांची माती आज ट्रॉलीनं शेतात, वीटभट्टीवर जाते. याचं मला फार वाईट वाटतं, कारण ते नुकसान पैशानं भरून येत नाही.

म्हणून एक मागणं आहे. पाया खणताना, विहीर खोदताना नाणी, मूर्ती, रांजण निघाले तर काम तिथंच थांबवा, जागेचा फोटो काढा, आपल्या इतिहासाच्या सरांना दाखवा आणि तहसील कार्यालयात कळवा. दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं 1878 च्या कायद्यानं बंधनकारकच आहे. आणि तुमच्यापैकी ज्यांना मातीत हात घालायची हौस आहे, त्यांनी पदवीनंतर पुरातत्त्व विभागाकडं जरूर वळावं. मराठवाड्यातली कितीतरी टेकाडं अजून कुणी अभ्यासलेली नाहीत.