मुलांच्या मनातील भयगंड
(पालक-शिक्षक मेळाव्यातील भाषण)



ताप, जुलाब यांसाठी मूल दवाखान्यात आणण्यास आपण विलंब करीत नाही; मनातील भीतीसाठी मात्र वर्षे जातात. म्हणून आज त्या भीतीविषयी बोलावयाचे आम्ही योजिले आहे.

प्रथम एक भेद ध्यानी घ्यावा. केळीच्या बागेत सळसळ ऐकून मुलगा थबकला, तर ते शहाणपण होय. परंतु पुस्तकातील सापाचे चित्र पाहूनही तो थरथरू लागला, बागेची वाटच त्याने सोडली आणि असे सहा महिने वा अधिक काळ चालले, तर तो भयगंड समजावा. प्राणी, अंधार, इंजेक्शन यांचे भयगंड बहुधा बालपणी सुरू होतात. चारचौघांत बोलण्याची धास्ती बहुधा किशोरवयात डोके वर काढते.

हा गंड टाळण्यावर पोसला जातो. समजा, मुलगी कुत्र्याला भिते म्हणून आई तिला लांबच्या रस्त्याने शाळेत नेते आणि पुढे पुढे घरीच ठेवते. प्रत्येक वेळी मुलीला सुटल्यासारखे वाटते व 'टाळले म्हणून वाचले' हा धडा पक्का होतो. मायेने केलेली सोयच आजाराला खतपाणी घालते आणि अखेरीस शाळा सुटते. उलटपक्षी, तिला हिणवणे वा बळेच कुत्र्यापुढे उभे करणे हेही तितकेच घातक.

उपचार या दोहोंच्या मधला आहे. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विदुषीने सशाला भिणाऱ्या पीटर नावाच्या बालकाची हकिकत प्रसिद्ध केली. तो आवडीचे खात असताना पिंजऱ्यातील ससा हळूहळू जवळ आणला गेला. शेवटी पीटर त्याला कुरवाळू लागला. आजही तत्त्व तेच आहे. आधी कुत्र्याचे चित्र, मग दूर बांधलेला कुत्रा, मग जवळचा शांत कुत्रा. पायऱ्या मुलाच्या संमतीने ठरवाव्यात, धडधड ओसरेपर्यंत तेथेच थांबावे आणि प्रत्येक पायरीचे कौतुक करावे.

रक्त वा सुईच्या भयात एक वेगळेपण आहे. रक्तदाब एकाएकी उतरून काही मुलांना भोवळ येते. ते नाटक नव्हे. स्वीडनच्या लार्स-योरान ओस्ट यांनी त्यावर साधी युक्ती विकसित केली: हातापायांचे स्नायू दहा-पंधरा सेकंद आवळून धरावेत, मग सैल सोडावेत, आणि असे अनेकदा करावे. त्याने रक्तदाब टिकतो.

अशा एका वस्तूच्या भयावर गोळ्या हा मुख्य उपाय नव्हे. दृष्ट काढण्यात व गंडेदोरे बांधण्यात वेळ दवडू नये. २०२२ पासून शासनाच्या 'टेलिमानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य उपलब्ध आहे.

मुलाला निर्भय करणे आपल्या हाती नाही. भीती वाटत असतानाही एक पाऊल पुढे टाकण्यास त्याला शिकविणे मात्र निश्चित आहे. त्या पावलाशेजारी आपण उभे राहावे, एवढीच आमची विनंती.