पळसदेव : पाण्याखालचे गाव

इंग्लंडच्या फेन प्रदेशात सतराव्या शतकात दलदल उपसून शेती काढली गेली. मासेमारीवर जगणाऱ्यांची उपजीविका मात्र बुडाली. इंदापूर तालुक्यात शेतीच पाण्याखाली गेली. १९८० साली भीमेवरील उजनी धरण पूर्ण झाले आणि जुने पळसदेव जलाशयात गेले. पाणी फार ओसरले की पळसनाथाचे देऊळ वर येते, बघ्यांची रीघ लागते. देवळाचे कौतुक जरूर व्हावे. पण शेजारच्या गाळात बुडालेल्या रानांची विचारपूस कोण करतो? पुनर्वसनाचा कायदा १९७६ चा. धरणाचे काम त्याआधीच सुरू झालेले. आज जलाशयाकाठी ऊस उभा आहे. आम्ही अर्थशास्त्रवाले त्याला प्रकल्पाचा लाभ म्हणतो. तो कोणाच्या खात्यावर जमा झाला आणि जमीन कोणाच्या खात्यातून वजा झाली, हे जुने सातबारे काढून तालुक्यातील कार्यकर्त्यांनी गावनिहाय मांडावे.