परवानगी देण्यापूर्वी



दारीं आलेल्या अनोळखी माणसाला आपण उंबरठ्यावरच विचारतों, "कोण आपण? काय काम आहे?" उत्तर पटलें तर त्याला ओटीवर बसवितों, माजघराच्या किल्ल्या कांहीं त्याच्या हातीं देत नाहीं. मोबाईलवर नवें ॲप घेतांना मात्र हा विवेक सुटतो. त्यांतून जुना फोन बहुधा घरांतील वडील माणसांच्या वाट्यास येतो, आणि पडद्यावर उमटलेल्या प्रत्येक प्रश्नाला तीं भिऊन "होय" म्हणतात.

ॲण्ड्रॉइडची सहावी आवृत्ति २०१५ सालीं निघाली. तिच्यापूर्वीच्या फोनांत सर्व परवानग्यांची यादी ॲप बसवितांना एकदांच समोर येते. ती सगळी मान्य करावयाची, नाहीं तर ॲप सोडावयाचें. तेव्हां तेथें विचार करावयाचा तो आधींच. सहाव्या आवृत्तीपासून ॲप गरजेच्या वेळीं एकेक परवानगी मागूं लागलें, आणि दिलेली परवानगी 'सेटिंग्ज'मध्यें जाऊन काढून घेण्याची सोय झाली. "फक्त या वेळेपुरती" परवानगी देण्याची मुभा २०२० च्या अकराव्या आवृत्तींत आली. त्याहून जुन्या फोनांत ती नाहीं.

कसोटी एकच : मागणी कामाशीं जुळते काय? नकाशाला आपलें ठिकाण कळलें पाहिजे. पण विजेरीच्या ॲपला आपल्या नातलगांचे क्रमांक कशाला? सर्वांत जपावयाची ती एसएमएस वाचण्याची परवानगी. बँकेचा ओटीपी त्याच वाटेनें येतो. खात्याच्या इतर माहितीबरोबर तोही परक्याच्या हातीं पडला, तर जन्माची पुंजी घटकेंत जाऊं शकते. म्हणून संदेशांतून आलेली ॲपची फाईल, मग ती लग्नपत्रिकेच्या नांवानें येवो वा वीजबिलाच्या, उघडूं नये. सातव्या आवृत्तीपर्यंतच्या फोनांत 'अनोळखी स्रोत' या नांवाची एकच कळ असते. ती बंदच असावी.

"नाकारा" म्हटल्यानें फोन बिघडत नाहीं. फार तर एखादें काम अडेल. तें खरोखर हवें असल्यास परवानगी मागाहून देतां येते. एवढी गोष्ट आजी-आजोबांना कोणी शेजारीं बसून समजावून दिली, तर त्यांची भीति जाईल. आज रात्रीं जेवणें आटोपल्यावर त्यांच्या फोनांतील परवानग्यांची यादी त्यांच्याबरोबर एकदां वाचा. नकार देण्याचा अधिकार आपला आहे, हें त्यांना तुमच्याच तोंडून कळूं द्या.